अनामत

वरठी, २१ सप्टेंबर २०२५

प्रतिक्षा,

सप्रेम जयभीम. 'सप्रेम' हा शब्द सवयीने पडला, त्यावर फार विसंबू नकोस.

तुझी चिठ्ठी आईच्या हाती मिळाली. फोन करू नकोस हे मीच सांगितलं होतं. फोनवर तू रडतेस आणि रडण्याला उत्तर देता येत नाही. मेसेज तर मुळीच नको, सरपंचबाईंचे मेसेज गावात कोणाकोणाच्या फोनवर पोचतात हे तुला ठाऊक आहे. कागद बरा. वाचून झाला की चुलीत घाल.

"दादा, धम्मचक्र दिनाले टीनाले माह्यासंग दीक्षाभूमीवर येऊ दे. एक दिवस तं दे मले," असं तू लिहितेस. देणार नाही.

टीना माझी आणि रुचिकाची मुलगी आहे. तुला दोन मुली आहेत. तसं तू उमेदवारी अर्जासोबत शपथेवर लिहून दिलं आहेस. दोनापेक्षा जास्त लेकरं असली तर पंचायतीची निवडणूक लढता येत नाही, हे तुमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून तर तू पोट दिसायच्या आत इथे वरठीला आलीस, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं निमित्त करून. आरक्षणाची सोडत निघाली होती आणि सरपंचपद आपल्या समाजाच्या बाईला सुटलं होतं. तुझ्या नवऱ्याने याच अंगणात, माझ्याच खुर्चीत बसून हिशेब मांडला होता: "पोरगा झाला तं निवडणूक सोडू, पोरगी झाली तं पोरगी सोडू." प्रफुल्लसारखा स्पष्टवक्ता राजकारणात दुर्मीळ. दवाखान्याच्या कागदावर बाळाच्या आईचं नाव लिहायचं तेवढं बाळंतपणापर्यंत थांबलं होतं. मग तिथे रुचिकाचं नाव चढलं.

निघताना तू पोर रुचिकाच्या ओटीत घातलंस आणि मला म्हणालीस, "अनामत समज दादा. निवडणूक झाली का वापस नेईन." आता लिहितेस, "मी तं निवडून आली. निवडून आलेल्याची अनामत वापस देतेत ना?" शब्द बरा पकडलास. वाद घालण्यात तू लहानपणापासून माझ्यापेक्षा तेज. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये बाबा म्हणायचे, सुगत प्रोफेसर होईल आणि ही वकील होईल. पण वकीलबाई, अनामत परत मागायला पावती लागते. तुझ्याकडे आहे?

मी सध्या तरुण लोकशाह्यांवरचं पुस्तक संपवतो आहे. नेपाळ, भूतान, मालदीव, पूर्व तिमोर. बाहेरचे लोक विचारतात, मतदान किती झालं, पेट्या नीट होत्या का. मी निरीक्षक म्हणून जातो तेव्हा एकच पाहतो, की हरलेला माणूस मुकाट्याने घरी जातो की नाही. तो गेला तर लोकशाही टिकते, नाही गेला तर शेजारचे देशसुद्धा शांत झोपत नाहीत.

टीनाच्या बाबतीत तू हरलीस. घरी जा.

सुगत


वरठी, १० ऑक्टोबर २०२५

प्रतिक्षा,

शेवटी केलंसच. एवढ्या लाखांच्या गर्दीत तू आम्हाला शोधलंस, पुस्तकांच्या स्टॉलपाशी टीनाला उचललंस, मुके घेतलेस आणि हंबरडा फोडलास. पोर घाबरून किंचाळली. रुचिकाने तिला तुझ्या हातातून ओढून घेतलं तेव्हा तू तिच्या पायाशी बसलीस. सरपंच! पांढऱ्या साडीत, धुळीत!

आणि मागे कोण उभी होती? मंगलाबाई. तुझ्याकडून निवडणूक हरलेली मंगलाबाई, तिच्या दोन बहिणी आणि तिचा नवरा मंगरू. भाचीला पाहून कोणती आत्या अशी रडते, एवढा प्रश्न त्यांना पुरला. तीन वर्षं जे कोणाला कळलं नाही ते तू घटकाभरात दाखवून दिलंस. मंगरूने काल भंडाऱ्याला जाऊन तक्रार दिली. सरपंचाला तिसरं अपत्य आहे, भावाच्या घरी लपवलं आहे, पद रद्द करा.

आज सकाळी प्रफुल्ल कारखान्याच्या पाळीवर जाताना मोटरसायकल स्टेशनच्या बाहेर लावून उभा होता. मी नागपूरच्या गाडीसाठी निघालो होतो. म्हणाला, "सुगतभाऊ, आता तुमीच वाचवा. पद गेलं तं गावात तोंड दाखवाची सोय नाही राहात." पद म्हणाला. पोरगी हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, फक्त सांगतो.

मी वाचवीन. का, तेही ऐक. वर्गात प्रादेशिक सुरक्षा शिकवताना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो की शेजाऱ्याचं घर पेटलं की आपण बादली घेऊन धावतो ते शेजाऱ्याच्या मायेने नाही, आपल्या छपराच्या काळजीने. तुझं खरं बाहेर आलं तर माझी मुलगी जाईल. म्हणून बादली.

तोवर वरठीच्या बाजूला फिरकू नकोस. आईला भेटायचं असेल तर ती बसने कारध्याला येईल, पुलापाशी भेटा.

सुगत


थिंफू, १२ नोव्हेंबर २०२५

प्रतिक्षा,

परिसंवादाला आलो आहे. थंडी हाडात शिरते. हे पत्र मी सोबत आणीन आणि आईच्या हाती देईन, इथून पोस्टात टाकण्याइतका मी अजून बावळट झालो नाही.

चौकशी अधिकारी आमच्या घरी येणार, हे आता नक्की आहे. कागद पक्के आहेत, तिथे मंगरूचं काही चालणार नाही. प्रश्न पोरीचा आहे. अधिकारी तिला काहीतरी विचारणारच. तेव्हा तयारी सुरू केली आहे, आणि तू विचारलंस म्हणून सांगतो, ती कशी चालते.

संध्याकाळी मी साहेब होतो. खुर्चीवर बसतो, चष्मा लावतो. टीना समोर उभी राहते. मी रुचिकाकडे बोट करतो, "या कोण?" "मम्मी." "मी कोण?" "बाबा." मग तुझा फोटो, तोच प्रचाराच्या पत्रकावरचा, हात जोडलेला. "या कोण?" "आत्या." "आत्याच्या घरी कोण असतं?" "दोन दीदी." बरोबर उत्तराला एक खजूर.

"चुकलं तं काय करता?" असं तू आईजवळ विचारलंस म्हणे. आम्ही मारत नाही. चुकलं तर रुचिका उठून आत जाते आणि दार लावून घेते. टीना दाराशी उभी राहून बरोबर उत्तर ओरडते. मग रुचिका बाहेर येते. आता चुकत नाही.

या देशात पहिल्या निवडणुकीआधी एक लुटुपुटूची निवडणूक घेतली होती. लोकांना मत देणं ठाऊक नव्हतं, म्हणून सराव. पक्ष नव्हते तर रंग दिले, लाल, निळा, हिरवा, पिवळा. लोकांनी भरभरून पिवळ्याला मत दिलं, कारण पिवळा राजाचा रंग. त्यांना लोकशाही शिकवायला गेले आणि ते राजाच्या तोंडाकडे पाहून शिकले. आपल्याकडे रंगीत तालीम म्हणतात ती ही अशी. काल मी भाषणात हे सांगितलं तेव्हा सगळे हसले, आणि मला टीना आठवली.

तिला तुझा फोटो आवडतो, हेही सांगून टाकतो. खजूर खाऊन झाला की ती फोटोला चिकट हात लावते. मी फोटो आता कपाटात ठेवायला सांगितला आहे.

सुगत


वरठी, २० डिसेंबर २०२५

प्रतिक्षा,

"मले नाही पायजे सरपंचकी. सायबापुढं मी खरं सांगून टाकीन, माही पोरगी घेऊन जाईन. काय व्हायचं ते हो."

वा! खरं सांग. जरूर सांग. फक्त आधी पुढचं वाच. मी धमकी देत नाही, माहिती देतो.

खोट्या शपथपत्रावर सही तुझी. मजकूर मी लिहून दिला होता हे तू सांगशील, पण माझं अक्षर ओळखणारा तिथे कोणी नाही, मी टाइप केला होता. जन्मनोंदीत खोटं नाव लावलं म्हणून पहिली आरोपी रुचिका, जिने तुझं कधी वाईट केलं नाही. भंडाऱ्याच्या विणकरांच्या घरची ती मुलगी. आपल्या घरी आली म्हणून तिच्या माणसांनी तिला टाकलं, आणि तिने इतकी वर्षं मुलासाठी किती दवाखाने पालथे घातले ते तू पाहिलं आहेस. आणि टीना? ती तुझ्याकडे येईल असं वाटतं तुला? आधी बालकल्याण समितीपुढे, मग बालगृहात. कोर्टाच्या तारखा संपेपर्यंत ती कोणालाच आई म्हणणार नाही.

आणि खरंच सांगायचं तर सगळं सांग. दवाखान्यात नर्सने "मुलगी" म्हटलं तेव्हा तू भिंतीकडे तोंड फिरवलंस, तेही सांग. नर्स बाळ घेऊन उभीच होती. रुचिकाने हात पुढे केले, कारण दुसरं कोणी करत नव्हतं. पोरगा असता तर आज तू दोन मुली आणि एक पोरगा घेऊन सुखाने घरी बसली असतीस आणि मंगलाबाई सरपंच असती. प्रफुल्लवर ढकलू नकोस. तो भंपक आहे, पण खुर्ची तुलाही हवी होती. तू पहिल्या सभेत बोललीस तेव्हा मी मागे उभा होतो. तुझे डोळे असे चमकत होते की मलाही वाटलं, हिला द्यावीच.

आणि खुर्चीचं तू सोनं केलंस, हे मी नाकारत नाही. आपल्या वस्तीत नळ आला. ग्रामसभेत बायका पुढच्या रांगेत बसतात आणि पुरुष मागे उभे राहतात, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. एका पोरीच्या बदल्यात एका गावाला एवढं मिळालं. माझ्या पुस्तकात याला स्थैर्याची किंमत म्हणतात. ज्याच्या घरून ती वसूल होते त्याच्याबद्दल पुस्तकात प्रकरण नसतं.

चौकशीच्या दिवशी ये. तुला बोलावलंच आहे. उभी राहा आणि जे बोलायचं ते बोल. मी अडवणार नाही.

सुगत


वरठी, १८ जानेवारी २०२६

प्रतिक्षा,

तू चहा न घेता निघून गेलीस. प्रफुल्ल मोटरसायकल घेऊन उभा असताना स्टेशनच्या रस्त्याने पायी गेलीस. आईने गच्चीवरून पाहिलं.

काल काय झालं ते मी लिहून ठेवतो, कारण उद्या तू ते वेगळं सांगायला लागशील.

साहेब साताऱ्याकडचे. शांत माणूस. कागद पाहिले, रुचिकाला विचारलं, मला विचारलं. मंगरू आणि मंगलाबाई दाराशी. तू खिडकीजवळ. तुझे ओठ हलत होते. तू खरं बोलायला आली होतीस, हे मला तू आत पाऊल टाकलंस तेव्हाच कळलं. साहेब तुझ्याकडे वळलेच होते.

तेवढ्यात साहेबांसाठी आणलेल्या, पण रिकाम्याच राहिलेल्या घडीच्या खुर्चीत टीनाने बोट घातलं. खुर्ची मिटली. पोर केवढ्याने ओरडली, "माय वं! माय वं माय!"

मंगरू उडालाच. "ऐका सायेब, ऐका! माय म्हणते! इच्याकडं पाहून म्हणते! लेकरू खोटं नाही बोलत!"

आणि तू दोन्ही हात पसरलेस. "ये वं बाई, ये माह्याजवळ." इतक्या मोठ्याने बोललीस की साहेबांनी पेन खाली ठेवला. मी संपलो होतो, प्रतिक्षा. मी जगभरात निकालाचे क्षण पाहिले, कधी घाम फुटला नव्हता.

टीनाने तुझ्या हातांकडे पाहिलं. रक्ताळलेलं बोट तोंडात घालून ती मागे सरकली आणि रुचिकाच्या पदरात शिरली. "आत्या नको! मम्मी, तू घे. आत्या नको."

तिला हे वाक्य आम्ही शिकवलेलं नाही. तालमीत हे नव्हतं.

साहेबांनी तुला विचारलं, "बाई, ही तुम्हाला माय म्हणाली का?" तू हात खाली घेतलेस. पदर सारखा केलास. मग म्हणालीस, "नाही सायेब. आमच्याकडं लागलं का कोणीबी 'माय वं' म्हणते. म्हातारेबी म्हणतेत. मी आत्या हाव तिची."

आणि खाटेवरून आई बोलली, "हो जी. उठता बसता म्हणतो मी. माही माय तं कवाचीच मरून गेली."

साहेबांनी लिहून घेतलं. त्यांच्या गावीही लोक "आई गं" म्हणतात, त्यांना पटलं. मंगरू बोलत राहिला, पण त्याचं कोणी ऐकत नव्हतं.

तुझ्या आजवरच्या भाषणांत हे सगळ्यात छोटं आणि सगळ्यात चांगलं. ज्या कामासाठी आली होतीस त्याच्या नेमकं उलट बोललीस, आणि ते बोलताना आवाज कापला नाही. प्रचारात असं जमलं असतं तर मंगलाबाईचं डिपॉझिट गेलं असतं.

बोटाचं विचारू नकोस. नख काळं पडलं आहे. येईल नवीन.

आई माझ्याशी बोलत नाही. "दोघंबी एकाच पोटचे," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सुगत


वरठी, २९ मार्च २०२६

प्रतिक्षा,

तक्रार फेटाळल्याचा कागद तुलाही मिळाला असेल. मला वाटलं होतं तू गावात पेढे वाटशील. त्याऐवजी तू राजीनामा देऊन आलीस. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. वस्तीतल्या बायका तुझ्या दाराशी बसून होत्या, प्रफुल्लने जेवण सोडलं, आणि मंगलाबाई आता पुन्हा उभी राहणार. लढून मिळवलेली खुर्ची तू जिंकल्यावर सोडलीस. माझ्या विषयात याला नाव नाही.

"आता मी कोणी नाही दादा. ना सरपंच, ना काही. आता कायदा आड येत नाही. आता तं माही पोरगी दे मले. नाही देत तं आठवड्यातून एकदा पाहू दे. दुरून पाहीन. आत्या म्हणूनच पाहीन."

हे वाक्य मी रुचिकाला वाचून दाखवलं. तिने कागद मागून घेतला आणि पुन्हा वाचला. पूर्वी ती लगेच नाही म्हणायची.

उत्तर तेच आहे. नाही. पद सोडलं म्हणून पोर मिळत नाही, या दोन गोष्टींचा संबंध तुझ्या घरी लावला गेला होता, माझ्या घरी नाही. दुरून पाहणंही नको. तू दुरून पाहूच शकत नाहीस, ते आम्ही नागपूरला पाहिलं.

तू आईजवळ विचारलंस, टीना शाळेत जाणार का. जाणार आहे. परवा भंडाऱ्याला प्रवेशासाठी नेलं होतं. निळा फ्रॉक, दोन वेण्या. नखही नवीन आलं आहे. मॅडम चांगल्या होत्या, समोर ठोकळे ठेवले, रंग विचारले. टीनाने पटापट सांगितले. पाळीव प्राणी सांगितले, बडबडगीत म्हटलं. रुचिका इतकी खूश होती की मी तिला तसं फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग मॅडमनी गमतीने रुचिकाकडे बोट केलं. "आणि या कोण आहेत, बेटा?"

टीना हात मागे घेऊन सरळ उभी राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाबा, आज काय सांगायचं?"

मॅडम हसल्या. रुचिकाचा हात तिच्या पाठीवर होता, तो तिने काढून घेतला.

मी म्हटलं, "खरं ते सांग."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

सुगत